कबुतरे, आजोबा आणि एक वही

वर्तन विश्लेषणाच्या, म्हणजे एखादे वर्तन का घडते आणि कसे बदलते याच्या, अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना कारण विचारले, तेव्हा इतरांप्रमाणे मीही ‘मुलांची आवड’ असे लिहिले. खरे कारण एक वही होती.

माझा भाचा स्वमग्न आहे. कोथरूडच्या घरी जेवायला बसला की तो ताट आपटायचा आणि ‘लाडावून ठेवलाय’ हे वाक्य ताईला रोज ऐकावे लागे. घरी येणाऱ्या शिक्षिकेने मात्र तीन दिवस काहीही न शिकवता ताट आपटण्याच्या आधी काय घडले आणि नंतर काय घडले, एवढेच वहीत लिहिले. आधी बहुधा कुकरची शिट्टी नाही तर मिक्सर असे. नंतर त्याला पानावरून उठवून बाहेरच्या खोलीत नेले जाई. म्हणजे आपटणे ही त्याची सुटकेची वाट होती. तो चित्राचे कार्ड देऊन बाहेर जाण्याची परवानगी मागायला शिकला, आणि काही आठवड्यांत ताट आपटणे थांबले.

हे झाले उपयोजित विश्लेषण, या विषयाची एक शाखा. बेअर, वुल्फ आणि रिस्ली या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये त्याचे निकष मांडले. हाताळायचे वर्तन त्या व्यक्तीच्या आयुष्यात महत्त्वाचे असावे, हा त्यांतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा निकष. (१९६० च्या दशकात काही ठिकाणी मुलांना शिक्षा म्हणून विजेचे झटकेही दिले गेले, त्यामुळे अनेक स्वमग्न प्रौढांचा या क्षेत्रावरचा राग मला रास्त वाटतो.) विचार आणि भावना यांनाही वर्तनच मानणारी मानसशास्त्रज्ञ स्किनर यांची तात्त्विक बैठक ही दुसरी शाखा, तिच्याशी माझे अजून पुरते जुळलेले नाही.

तिसरी, प्रायोगिक शाखा मला सुरुवातीला निरुपयोगी वाटे. प्रयोगशाळेतल्या कबुतराने किती वेळा चोच मारली, याच्याशी कोथरूडचा काय संबंध? पण फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्ये प्रबलनाच्या वेळापत्रकांवर (म्हणजे वर्तनाचे फळ केव्हा आणि कितीदा मिळते यावर) जे प्रसिद्ध केले, ते वाचताना मला आमचे आजोबा आठवले. भाच्याने रडून मोबाईल मागितला की ते चार वेळा नाही म्हणतात आणि पाचव्यांदा देतात. अधूनमधून फळ मिळणारे वर्तन, दर वेळी फळ मिळणाऱ्या वर्तनापेक्षा अधिक चिवट होते, हे कबुतरांनी केव्हाच दाखवले होते. शिवाय फळ अचानक थांबले, तर ते वर्तन कमी होण्यापूर्वी काही काळ वाढूही शकते. नेमक्या त्याच वेळी घरचे धीर सोडतात.

हे सारे मी आजोबांना सविस्तर समजावून सांगितले. त्यांनी मान डोलावली, आणि संध्याकाळी मोबाईल दिलाच. माझ्या वहीत आता त्यांच्यासाठी वेगळा रकाना आहे.