खोकला, बेडका आणि सीबीनॅट : माझा अनुभव

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता लागलेला खोकला तीन आठवडे उलटले तरी हटेना आणि संध्याकाळी कणकणही येऊ लागली, तेव्हा डॉक्टरांनी क्षयाची शंका घेऊन थुंकीची तपासणी लिहून दिली. सूक्ष्मदर्शकाखालील अहवाल निगेटिव्ह आला आणि घरच्यांना हायसे वाटले. डॉक्टरांचे मात्र समाधान झाले नाही. सूक्ष्मदर्शकात जंतू दिसायचे तर एका मिलिलिटर बेडक्यात ते साधारण ५ ते १० हजार असावे लागतात. त्याहून कमी असले तर ते सहज निसटतात, असे सांगून त्यांनी मला सरकारी केंद्रात सीबीनॅट तपासणीसाठी, म्हणजे क्षयजंतूचा डीएनए यंत्रावर शोधणाऱ्या तपासणीसाठी पाठवले. ती तेथे मोफत होते.

तेथील तंत्रज्ञ ताईंनी माझी डबी उजेडात धरून पाहिली आणि परत केली. "काका, ही लाळ आहे, मला बेडका हवा." पहिल्या वेळी मला हे कोणीच सांगितले नव्हते, याचे आजही वाईट वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या पाण्याने चूळ भरून, उघड्यावर उभे राहून दोन-तीन वेळा खोल श्वास घेतला आणि छातीच्या तळातून खोकून नमुना दिला. नमुन्यात जंतूच आले नाहीत, तर यंत्र तरी काय शोधणार?

ताईंनी त्यात द्रावण मिसळले, पंधरा मिनिटे ठेवले आणि मग ते मिश्रण कार्ट्रिज नावाच्या छोट्या बंद डबीत भरून यंत्रात बसवले. पुढचे दोन तास मी बाकावर बसून होतो. आत काय चालते ते मात्र नंतर समजून घेतले. तापमान ९५ अंशांच्या आसपास गेले की डीएनएचे दोन धागे सुटतात, थोडे उतरले की प्रायमर नावाचे छोटे तुकडे क्षयजंतूच्या डीएनएवरील नेमक्या जागी चिकटतात, आणि तेथून एन्झाइम नवा धागा विणत जाते. तापवण्याच्या आणि उतरवण्याच्या अशा दर फेरीला प्रती दुप्पट होतात, म्हणून तीस फेऱ्यांत एका प्रतीच्या शंभर कोटींहून अधिक होऊ शकतात. ही कल्पना अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ कॅरी मुलिस यांना १९८३ मध्ये सुचली. सुरुवातीला दर फेरीतील उष्णतेने एन्झाइम निकामी होई आणि ते पुन्हा घालावे लागे. ती अडचण अमेरिकेतील यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांत सापडलेल्या जिवाणूच्या एन्झाइमने दूर केली. उकळत्या पाण्याजवळ जगणाऱ्या जिवाणूने माझ्या छातीतला जंतू उघड करावा, याचे मला फार नवल वाटते.

अहवालात जंतू 'लो' म्हणजे कमी प्रमाणात सापडले होते आणि क्षयावरील रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला त्यांचा प्रतिरोध नव्हता. या औषधाशी निगडित जनुकाचा भागही यंत्र त्याच वेळी तपासते, त्यामुळे कोणती औषधे द्यायची हे लगेच ठरले. कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीसाठी, कित्येक आठवडे थांबावे लागले असते.

दोन महिने औषधे घेतल्यावर मी पुन्हा सीबीनॅटचा आग्रह धरला. डॉक्टरांनी नकार दिला, कारण मेलेल्या जंतूंचा डीएनएही काही काळ बेडक्यात राहतो आणि त्याच्याही प्रती निघतात. जंतू जिवंत की मृत हे या तपासणीला ओळखता येत नाही. उपचारांचा परिणाम पाहण्यासाठी सहसा सूक्ष्मदर्शक वापरतात. म्हणून मी पुन्हा सकाळी चूळ भरून, डबी घेऊन उघड्यावर उभा राहिलो.