ब्रेट हार्ट तेव्हाच गेला असता तर

माँट्रियलबद्दल इतकं बोललं गेलंय, की त्याच्या वर्षभर आधी घडलेली गोष्ट त्याच्या सावलीत गेली. ९ नोव्हेंबर १९९७ ला तिथे डब्ल्यूडब्ल्यूएफ या रेसलिंग कंपनीचा विजेता ब्रेट हार्ट याने हार मानलेली नसताना घंटा वाजवली गेली आणि त्याचा पट्टा, म्हणजे विजेतेपद, काढून घेतलं गेलं, हे रेसलिंग पाहणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. मला मात्र ऑक्टोबर १९९६ जास्त महत्त्वाचा वाटतो. तेव्हाही ब्रेट डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीच्या दारात उभा होता. तेव्हाच तो आत गेला असता का? आणि गेला असता तर?

माझं ठाम मत आहे की तो खरंच जाऊ शकला असता. पुष्कळ जण म्हणतात की ते नुसतं पैसे वाढवून घेण्याचं नाटक होतं. मला ते पटत नाही. तेव्हाची परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. सप्टेंबर १९९५ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूच्या नायट्रो या सोमवारच्या टीव्ही कार्यक्रमाचा पहिलाच भाग सुरू होता आणि लेक्स लुगर हा रेसलर अचानक रॅम्पवरून चालत आला. आदल्याच दिवशी तो डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कार्यक्रमात खेळला होता. २७ मे १९९६ ला स्कॉट हॉल प्रेक्षकांतून उठून रिंगमध्ये आला, दोन आठवड्यांनी केविन नॅश आला. ७ जुलैला हल्क होगन त्यांना जाऊन मिळाला आणि एनडब्ल्यूओ ही खलनायकांची टोळी उभी राहिली. नायट्रोने डब्ल्यूडब्ल्यूएफच्या सोमवारच्या कार्यक्रमाला, रॉला, प्रेक्षकसंख्येत सलग ८३ आठवडे मागे टाकलं, त्याची सुरुवात याच उन्हाळ्यातली. कोण कधी कुठे दिसेल याचा भरवसा राहिला नव्हता. लोक सोमवारी टीव्ही लावायचे ते मुळी ‘आज कोण आलं’ हे बघायला.

आणि पैसा. डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये कमाई तिकीटविक्रीवर आणि मालाच्या विक्रीवर हलायची. गर्दी जमली तर हात भरलेला, नाही तर रिकामा, आणि दुखापत झाली की प्रश्नच. डब्ल्यूसीडब्ल्यूच्या मागे टीव्ही उद्योगपती टेड टर्नर होता. तिथे वर्षाची रक्कम ठरलेली, तीही कमी रात्री खेळून. ज्याचे गुडघे आणि पाठ वर्षानुवर्षं रिंगच्या फळ्यांवर आपटलेत, त्याला या दोन गोष्टींतला फरक कोणी समजावून सांगावा लागत नाही.

ब्रेट तेव्हा ३९ वर्षांचा होता. ३१ मार्च १९९६ ला अॅनाहाइममध्ये शॉन मायकल्सबरोबर साठ मिनिटांचा आयर्न मॅन सामना झाला. साठ मिनिटांत कोणालाच गुण मिळाला नाही, वाढीव वेळेत शॉन जिंकला, आणि ब्रेट रिंगमधून उतरून थेट घरी गेला. करार संपत आलेला. डब्ल्यूसीडब्ल्यूने देऊ केलेली रक्कम वर्षाला सुमारे २८ लाख डॉलर, अशी तीन वर्षं. समोर डब्ल्यूडब्ल्यूएफचा मालक व्हिन्स मॅकमहनने ठेवला वीस वर्षांचा करार. त्यात पहिली तीन वर्षं रेसलर म्हणून वर्षाला साधारण १५ लाख डॉलर, पुढे कंपनीत कमी पैशांचं पण कायमचं स्थान. म्हणजे रोख जवळपास निम्मी, आणि उरलेला सगळा विश्वास.

माझा दादा कायम म्हणतो, “तू भावनेने बोलतेस. एवढा पैसा सोडतो तो मूर्ख.” तो मुळात डब्ल्यूसीडब्ल्यूवाला, तिथल्या स्टिंग या रेसलरचा भक्त. आमचा हा वाद लहानपणापासून चालू आहे आणि त्याच्या बाजूने काही मुद्दे खरंच वजनदार आहेत, त्याकडे येतेच. पण ब्रेटने तो पैसा सोडला तो मूर्खपणाने नाही. त्याचे वडील स्टू हार्ट कॅलगरीत स्टॅम्पीड रेसलिंग चालवायचे. घराच्या तळघरात पोरांना पकडी शिकवल्या जायच्या. १९८४ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने स्टॅम्पीड विकत घेतली आणि त्या व्यवहारासोबत ब्रेटही तिकडे आला. धाकटा भाऊ ओवेन त्याच कंपनीत, मेहुणा डेव्ही बॉय स्मिथही तिथेच. अशा माणसाला ‘वीस वर्षं तू आमचा’ हे वाक्य किती मोठं वाटलं असेल! लुगरला तसं वाटायचं कारण नव्हतं. हॉल आणि नॅशलाही नव्हतं.

या सगळ्यात एक माणूस असा होता की ज्याच्यामुळे ब्रेट तिकडे जावा असंही वाटतं आणि ज्याच्यामुळे तो गेला नसावा असंही. तो म्हणजे होगन.

४ एप्रिल १९९३, लास व्हेगास. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाचा, रेसलमेनिया ९ चा, शेवटचा सामना. योकोझुनाने ब्रेटला हरवून पट्टा घेतला, आणि त्याच क्षणी होगन रिंगमध्ये आला व अर्ध्या मिनिटाच्या आत योकोझुनाला पाडून पट्टा घेऊन गेला. ब्रेट डोळे चोळत बाजूला. रेसलिंगमध्ये निकाल आधी ठरलेले असतात. त्यानंतर त्या उन्हाळ्यात होगन ब्रेटकडून हरणार असं ठरलं होतं आणि होगनने नकार दिला, असं ब्रेटने पुढे अनेकदा सांगितलंय. तो सल त्याच्या मनात वर्षानुवर्षं राहिला, हे त्याचं बोलणं ऐकलेल्या कोणालाही कळेल. १९९६ मध्ये होगन खलनायक झालेला. काळी दाढी, काळे कपडे, अख्ख्या डब्ल्यूसीडब्ल्यूवर दादागिरी. समोर कोण हवा? ज्याच्यावर त्याने अन्याय केला होता तो. वेगळी कथा लिहायचीच गरज नव्हती, ती तीन वर्षं आधीच लिहून तयार होती. ब्रेटने रिंगमध्ये येऊन नुसतं होगनकडे बघितलं असतं तरी लोकांना सगळं समजलं असतं.

दादाचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच. १९९६ च्या शरद ऋतूत होगनला प्रतिस्पर्धी नव्हता. डब्ल्यूसीडब्ल्यूच्या हॅलोविन हॅवॉक या कार्यक्रमाला रँडी सॅव्हेज झाला, मग डिसेंबरच्या स्टारकेड या मोठ्या कार्यक्रमासाठी रॉडी पायपरला आणलं. पायपर चाळिशी ओलांडलेला आणि रिंगमधली गती गेलेला. ब्रेट मात्र त्या वेळी जगातल्या सगळ्यात सफाईदार रेसलर्सपैकी एक. २९ डिसेंबर १९९६ ला पायपरच्या जागी ब्रेट असता तर तो स्टारकेड आजही लोक शोधून बघत राहिले असते. इथे दादाचं म्हणणं मला मान्य आहे, पूर्णपणे.

पण पुढे काय झालं तेही बघा. त्या स्टारकेडला पायपरने होगनला झोपवलं, तरीही पट्टा होगनकडेच राहिला, कारण सामना पट्ट्यासाठी नव्हताच! होगनच्या करारात त्याच्या कथेवर त्याचं नियंत्रण होतं. जो माणूस १९९३ मध्ये व्हिन्सच्या घरात ब्रेटपुढे पाठ टेकायला तयार झाला नाही, तो स्वतःचं राज्य असलेल्या घरात टेकणार होता का? ब्रेटलाही पायपरसारखाच कागदी विजय मिळाला असता. आणि वर छतात स्टिंग उभा होता. तोंड रंगवलेला, हातात बॅट, वर्षभर एक शब्द न बोलणारा. डब्ल्यूसीडब्ल्यूचा तारणहार तोच होणार होता. ब्रेट आला असता तर एकाच जागेवर दोघे झाले असते. एकाला दुसऱ्याच्या वाटेतून बाजूला व्हावं लागलं असतं, आणि बाजूला होणारा नवखा ब्रेटच असता. मी हे दादाला सांगते तेव्हा तो गप्प बसतो, कारण स्टिंगची ती वर्षभराची वाट त्याला कोणाशीही वाटून घ्यायची नाही.

आता दुसरी बाजू. ब्रेट गेला असता तर डब्ल्यूडब्ल्यूएफने काय गमावलं असतं? याचं उत्तर देताना मला अजूनही धडधडतं, कारण उत्तर स्टीव्ह ऑस्टिन आहे.

ऑस्टिन जून १९९६ मध्ये किंग ऑफ द रिंग ही स्पर्धा जिंकला, त्याचं ‘३:१६’ हे घोषवाक्य गाजायला लागलं. पण बोलण्यात गाजणं आणि सिंहासनावर बसणं यात अंतर असतं. ते अंतर त्याने कोणाला धरून पार केलं? ब्रेटला. ब्रेट घरी बसलेला असताना ऑस्टिन आठवड्यामागून आठवडे त्याला डिवचत होता, आणि तो परत येणार की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. २१ ऑक्टोबर १९९६ च्या रॉमध्ये ब्रेट रिंगमध्ये आला, म्हणाला की मी इथेच राहणार, आणि ऑस्टिनचं आव्हान स्वीकारलं. १७ नोव्हेंबरला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सर्व्हायव्हर सिरीज. तो सामना ब्रेट जिंकला, अगदी चलाखीने, गळ्यात मिठी असताना कोपऱ्याच्या खांबाला पाय लावून मागे पलटी मारत. त्या सामन्यात ऑस्टिन पहिल्यांदा मोठ्या माणसासारखा दिसला.

आणि मग २३ मार्च १९९७, शिकागोजवळचं रोझमाँट. रेसलमेनिया १३. सबमिशन सामना, म्हणजे समोरच्याला हार मानायला लावून जिंकायचं, केन शॅमरॉक रेफरी. तुम्ही बघितला नसेल तर हे वाचणं इथेच थांबवा आणि आधी तो बघा. सामना सुरू झाला तेव्हा ब्रेट नायक होता आणि ऑस्टिन खलनायक. संपला तेव्हा उलट. मधल्या वेळात कोणी माइक हातात घेऊन काही जाहीर केलं नाही, कोणी कोणाला दगा दिला नाही. फक्त दोन माणसं लढत होती आणि हजारो लोकांचं मन डोळ्यांदेखत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकत गेलं. ऑस्टिनचं कपाळ फुटलेलं, ब्रेटच्या शार्पशूटर या पकडीत अडकलेला, दातांवरून रक्त ओघळतंय, पण हार मानत नाही. शेवटी शुद्ध हरपली म्हणून सामना थांबवला. ब्रेटने त्यानंतरही त्याच्या पायावर मारणं सोडलं नाही, शॅमरॉकने त्याला ओढून बाजूला केलं. लोकांनी ब्रेटला हुर्यो केली आणि लंगडत स्वतःच्या पायांवर जाणाऱ्या ऑस्टिनसाठी ओरडून घसा कोरडा केला.

यातलं अवघड काम ब्रेटचं होतं. लोकांचं प्रेम मिळवणं कठीण असतं हे सगळे मान्य करतात. ते हातात असताना, भर सामन्यात, दुसऱ्याच्या ओंजळीत ओतणं किती कठीण असेल? आणि तेही लोकांना कळू न देता. हे करू शकणारा दुसरा कोणी तेव्हा त्या कंपनीत नव्हता. शॉन महिनाभर आधीच पट्टा सोडून घरी गेला होता. अंडरटेकरची भूमिका अशी, की त्याच्यासमोर माणूस भयाने मोठा होतो, जिद्दीने नाही. सिड तर नाहीच. ब्रेट ऑक्टोबरमध्ये गेला असता तर ऑस्टिन कदाचित तरीही मोठा झाला असता, पण मार्च १९९७ मध्ये नाही, आणि असा नाही. आणि ऑस्टिन तेव्हा उभा राहिला नसता तर मार्च १९९८ मध्ये बोस्टनला माइक टायसनच्या साक्षीने शॉनकडून पट्टा घ्यायला कोण होतं? त्यानंतर दोनच आठवड्यांत, १३ एप्रिलला, रॉने नायट्रोची ८३ आठवड्यांची साखळी तोडली. व्हिन्स ती लढाई जिंकला, त्याचा पाया ब्रेटच्या ‘राहतो’ने घातला गेला असं मी मानते.

आणि ब्रेटला काय मिळालं? सप्टेंबर १९९७ मध्ये व्हिन्सने सांगितलं की कंपनीला हा करार झेपत नाही, तिकडे बोलणी कर. वीस वर्षांचा शब्द एक वर्षही टिकला नाही. मग माँट्रियल. मग १५ डिसेंबर १९९७ ला तो नायट्रोवर आला, आणि सगळ्या जगाची सहानुभूती घेऊन आलेल्या या माणसाला डब्ल्यूसीडब्ल्यूने त्या महिन्याच्या स्टारकेडला काय बनवलं? पाहुणा रेफरी. होगन आणि ब्रेट एकास एक कधीही मोठ्या पे-पर-व्ह्यूमध्ये (पैसे भरून बघायच्या कार्यक्रमात) भिडले नाहीत. डिसेंबर १९९९ मध्ये गोल्डबर्ग या रेसलरची लाथ डोक्याला बसली आणि कारकीर्द तिथेच संपल्यात जमा झाली.

ओवेनबद्दल मात्र मी ‘जर-तर’ करत नाही. मे १९९९ मध्ये कॅन्सस सिटीत तो उंचावरून रिंगमध्ये कोसळून गेला. त्याच्यावरही ‘ब्रेट १९९६ मध्ये गेला असता तर ओवेनही गेला असता का’ अशी गणितं मांडणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका. ते कुटुंबाचं दुःख आहे, आपल्या वादाचा मुद्दा नाही.

तर माझा निकाल असा. १९९६ मध्ये ब्रेट डब्ल्यूसीडब्ल्यूत गेला असता तर त्याला दुप्पट पैसे मिळाले असते, होगनबरोबर एक जबरदस्त सामना मिळाला असता, त्याचा शेवट मनासारखा मिळाला नसता, आणि वर्षभरात तो स्टिंगच्या मागच्या रांगेत उभा असता. पण व्हिन्सकडून झालेली फसवणूक त्याच्या वाट्याला आली नसती. प्रेक्षक म्हणून मी त्याच्या त्या ‘राहतो’ची कायम ऋणी आहे, कारण त्याशिवाय रोझमाँट नाही. त्याची बहीण असते, तर मात्र त्या ऑक्टोबरमध्ये मी त्याला सांगितलं असतं, जा. दादा म्हणतो, म्हणजे मीच जिंकलो. या एका बाबतीत म्हणू दे त्याला.