फूड कोर्टातला ‘हॅलेलुया’

आज कॅनडातल्या वेलंड गावच्या सीवे मॉलमध्ये जे ऐकलं, त्याने अजून अंगावर काटा येतोय.

शनिवार, नाताळची खरेदी सुरू झालेली. फूड कोर्टात आईसाठी चहा आणून जेमतेम टेकलो होतो. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावर फोन कानाला लावून बसलेली एक मुलगी उठली आणि खणखणीत आवाजात गाऊ लागली, ‘हॅलेलुया!’, म्हणजे ‘देवाची स्तुती करा!’ पाठोपाठ दुसऱ्या टेबलावरून एक पुरुषी आवाज. मग चहूकडून. शंभराहून जास्त गायक, आमच्यातच बसून खातपीत होते! ‘कोरस नायगारा’ या गायकवृंदाची ही मंडळी, असं नंतर कळलं.

ही रचना संगीतकार हँडलची, त्याच्या ‘मसाया’मधलं एक समूहगान (कोरस). १७४१ मध्ये त्याने ‘मसाया’ हे अख्खं ओरॅटोरिओ, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठीची मोठी धार्मिक संगीतरचना, साधारण २४ दिवसांत लिहिलं. १७४२ च्या एप्रिलमध्ये डब्लिनला ते पहिल्यांदा सादर झालं, म्हणजे ईस्टरच्या सुमारास. नाताळशी त्याचं नातं पुढे जुळलं.

या कोरसला उभं राहायची जुनी प्रथा आहे. मी आईला सांगणार, तोवर ती उठलीसुद्धा होती, हात जोडून. म्हणाली, "अरे, आरती चालू असताना बसून राहतं का कोणी?" माझे डोळे भरून आले.

शेवटी सगळे आवाज एकदम थांबतात. क्षणभर पूर्ण शांतता, आणि मग तो संथ, भरदार शेवटचा ‘हॅलेलुया’. त्या क्षणात आईने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

गाडीत तिने एवढंच विचारलं, "ते मधे थांबले ना, तेवढं परत ऐकायला मिळेल का रे?"