निळ्या टोपणाची नळी

आज आमच्या लॅबमध्ये गारगोटीहून आलेली एपीटीटीची (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणाऱ्या तपासणीची) नळी निम्मीच भरलेली निघाली. परत रक्त द्या म्हटल्यावर नातेवाईक वैतागले, आणि त्यांचं काही चुकलं नाही. एवढ्या लांबून पेशंटला पुन्हा आणायचं म्हणजे काय कमी ताप आहे?

पण त्या नळीत आधीच 0.3 मिली सोडियम सायट्रेट असतं आणि त्यावर 2.7 मिली रक्त लागतं. सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून गुठळी होत नाही. मशीनवर आपण मोजून कॅल्शियम परत घालतो आणि किती सेकंदांत गोठतंय ते बघतो. रक्त कमी असलं की जास्तीचं सायट्रेट हे कॅल्शियमही गिळतं. मग धडधाकट माणसाचाही रिपोर्ट लांबलेला, म्हणजे गोठायला जास्त सेकंद लागल्याचा, येतो!

नळी बर्फातही ठेवू नका. फॅक्टर म्हणजे रक्त गोठायला लागणारी प्रथिनं; गारठ्यात त्यातला फॅक्टर 7 चेतवला जातो, व्हॉन विलब्रँड फॅक्टर घटतो. खोलीच्या तापमानालाच ठेवा, एपीटीटीसाठी चार तासांत पोचवा.

एपीटीटी खरंच लांबला तर पेशंटचा आणि निरोगी माणसाचा प्लाझ्मा (रक्तातला पेशी वगळून उरलेला द्रव) निम्मा-निम्मा मिसळतो. वेळ नॉर्मलवर आली तर बहुतेक फॅक्टर कमी आहे. फॅक्टर 8 कमी असेल तर हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) ए, फॅक्टर 9 कमी असेल तर बी. नाही आली तर इनहिबिटरचा, म्हणजे गोठणं अडवणाऱ्या अँटिबॉडीसारख्या पदार्थाचा, संशय. फॅक्टर 8 विरुद्धची अँटिबॉडी मात्र सावकाश काम करते, म्हणून मिश्रण 37 अंशांवर दोन तास ठेवून पुन्हा बघायचं.

आणि सिस्टर, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) चालू असलेल्या लाईनमधून रक्त काढू नका हो. दुसऱ्या हाताची शीर घ्या.