दुधी काचेमागची अक्षरं

सोमवार, रात्र

भाषांतराचं काम आणि लहान स्क्रीन यांचं कधीच जुळत नाही. मूळ मजकूर एका विंडोत, माझा दुसऱ्या विंडोत. दोन्ही शेजारी शेजारी लावल्या की इतक्या अरुंद होतात की लांब वाक्य चार ओळींत तुटतं आणि त्याची लय हातून निसटते. म्हणून मी टर्मिनल, म्हणजे मी ज्यात लिहिते ती साध्या मजकुराची विंडो, मूळ पानावरच मोठं करून ठेवते आणि ऑल्ट-टॅबने विंडो बदलत बसते. परतल्यावर दर वेळी आपण नेमक्या कुठल्या शब्दाशी होतो ते पुन्हा शोधावं लागतं. ते शोधणंच थकवतं.

आज वाटलं, वरची विंडो पारदर्शक केली तर? खालची ओळ वरूनच दिसेल, ये-जा वाचेल.

पिकॉम हे विंडोंची चित्रं एकत्र जुळवणारं सॉफ्टवेअर माझ्या लिनक्स मशीनवर आधीपासून होतं, विंडोंच्या सावल्यांपुरतं. विंडोची माहिती दाखवणारं एक्सप्रॉप चालवून टर्मिनलवर क्लिक केलं, त्याच्या क्लासचं, म्हणजे प्रकाराचं, नाव मिळालं, कॉन्फिग फाइलमध्ये नियम लिहिला: या क्लासची ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, ७० टक्के. पिकॉम पुन्हा सुरू केलं आणि खालचं पान वर उमटलं. दिसायला सुंदर होतं, हे लिहून ठेवते. वाचायला अशक्य. खालची काळी अक्षरं माझ्या ओळींच्या मधून वर येत होती, एकाच कागदावर दोन भाषा एकीवर एक छापल्यासारख्या. शिवाय माझी अक्षरं फिकी पडली ती वेगळीच.

दादाला स्क्रीनशॉट पाठवला. लगेच फोन आला.

"अगं, तू अख्खी विंडोच पातळ केलीस. फक्त मागचा रंग पातळ कर ना."

"ते दोन्ही एकच नाही का?"

"नाही गं. टर्मिनलच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये बघ. आणि आता झोप."

झोपायच्या आधी पाहिलंच. दादाचं खरं आहे. पिकॉमचा नियम सगळ्या विंडोला एकाच मापाने पातळ करतो. त्यात अक्षरं, कर्सर, स्क्रोलबार सगळं आलं. एक्स-इलेव्हनमध्ये, म्हणजे लिनक्सवर विंडो दाखवणाऱ्या जुन्या व्यवस्थेत, यासाठी विंडोला चिकटवलेला एक ३२ बिटांचा आकडाच असतो. ४,२९,४९,६७,२९५ म्हणजे पूर्ण अपारदर्शक, शून्य म्हणजे अदृश्य. त्या आकड्याला आतलं अक्षर कुठलं आणि पार्श्वभूमी कुठली हे कळत नाही. टर्मिनलला कळतं. ते स्वतःची पार्श्वभूमी तेवढी अर्धपारदर्शक रंगवतं आणि अक्षरं भरीव ठेवतं. अलॅक्रिटी, किटी, कॉन्सोल, या सगळ्या टर्मिनलांत ही सोय आहे. नियम काढून टाकला, टर्मिनलमध्ये पार्श्वभूमीची ओपॅसिटी ०.८ लिहिली. अक्षरं परत आली. खालचं पान तसंच मध्ये घुसत राहिलं.

मंगळवार

दादाशी बराच वेळ बोलणं झालं. २००७ साली त्याने उबुंटू ७.१० हे लिनक्स टाकलं होतं आणि मला बोलावून कॉम्पिझ दाखवलं होतं: डेस्कटॉपचा घन गरगर फिरायचा, विंडो ओढली की जेलीसारखी लवलवायची. मला ते आठवतं. पण त्यामागे काय घडलेलं असतं ते त्याने आज पहिल्यांदा नीट सांगितलं.

पूर्वी प्रत्येक प्रोग्राम थेट पडद्यावरच रंगवत असे. वरच्या विंडोने खालची झाकली की झाकलेला भाग कुठेच शिल्लक नसायचा, वरची बाजूला सरकवली की खालच्या प्रोग्रामला निरोप जायचा, "तुझा एवढा तुकडा उघडा पडलाय, पुन्हा रंगव." अशा व्यवस्थेत पारदर्शकता खरी असूच शकत नाही, कारण खाली दाखवायला काही उरलेलंच नसतं. तेव्हाची पारदर्शक टर्मिनलं वॉलपेपरचा तुकडा कापून स्वतःच्या पोटात चिकटवत. खाली दुसरी विंडो असली तरी दिसायचा वॉलपेपरच. म्हणजे माझं मूळ पान तेव्हा मला दिसलंच नसतं.

सप्टेंबर २००४ मध्ये एक्स-ऑर्गच्या, म्हणजे एक्स-इलेव्हन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, ६.८ आवृत्तीत कंपोझिट नावाचं एक्स्टेन्शन आलं. तेव्हापासून विंडो पडद्याऐवजी मेमरीतल्या आपापल्या कागदावर रंगवता येते आणि कंपोझिटर हे सगळे कागद एकावर एक ठेवून शेवटचं चित्र तयार करतो. मला हे फार आवडलं. झाकलेली विंडोही कुठेतरी पूर्ण रंगवलेली, शाबूत असते. पिकॉमची वंशावळही तिथेच जाते: कीथ पॅकार्ड वगैरे मंडळींचं एक्सकॉम्पएमजीआर, त्यातून पुढे कॉम्प्टन, आणि २०१९ मध्ये कॉम्प्टनमधून पिकॉम.

कामाचं आज काहीच झालं नाही.

बुधवार

ब्लर लावायचं ठरवलं. खालची अक्षरं त्रास देतात ती त्यांच्या कडांमुळे. कडा विरघळवल्या की डोळा त्यांना अक्षरं समजणार नाही, नुसता रंग समजेल. जशी दुधी काच: पलीकडे कुणी आहे हे कळतं, चेहरा कळत नाही.

पिकॉममध्ये ब्लरची पद्धत ड्युअल कावासे अशी लिहिली, जोर ५. काही झालं नाही. जोर ८ केला, १२ केला, काही नाही. दीड तास गेला. शेवटी पिकॉम टर्मिनलमधून हाताने चालवलं तेव्हा लक्षात आलं की माझ्या जुन्या फाइलमध्ये बॅकएंड, म्हणजे चित्र रंगवण्याचा मार्ग, एक्सरेंडर आहे आणि ड्युअल कावासे त्याला येत नाही. जीएलएक्स हे दुसरं बॅकएंड हवं. लॉगिनबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामची तक्रार कुणी वाचत नाही. यापुढे काहीही बदललं की आधी हाताने चालवून बघायचं. एक शब्द बदलला आणि खालचं पान लोण्यासारखं विरघळलं.

ही पद्धत इतकी हलकी कशी, हे कळेपर्यंत चैन पडेना, म्हणून कागदावर हिशेब मांडला. माझा पडदा १९२० बाय १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलसाठी आजूबाजूच्या ३१ बाय ३१ चौकटीची सरासरी काढायची तर ९६१ वाचनं, एका पूर्ण चित्राला साधारण १९९ कोटी. गाउसियन ब्लर आधी आडवा आणि मग उभा असा दोन फेऱ्यांत करता येतो. मग प्रत्येकी ६२ वाचनं पुरतात आणि आकडा १३ कोटींच्या आत येतो. कावासेच्या मार्गात चित्रच आधी निम्मं करतात, मग त्याच्या निम्मं, मग पुन्हा निम्मं, आणि त्याच पायऱ्यांनी परत मोठं करतात. उतरताना प्रत्येक पिक्सेलला ५ वाचनं, चढताना ८. तीन पायऱ्या उतरून चढलं तरी सगळं मिळून सुमारे अडीच कोटी. लहान केलेल्या चित्रातला एक पिक्सेल मूळच्या ६४ पिक्सेलांची जागा घेतो, त्यामुळे पसरवण्याचं बरंचसं काम चित्र लहान करतानाच होऊन जातं.

मासाकी कावासे यांनी मूळ कल्पना २००३ मध्ये व्हिडिओ गेमच्या प्रकाशासाठी मांडली होती. मोबाइलच्या कमी ताकदीच्या चिपसाठी तिचं हे निम्मं-निम्मं रूप २०१५ मध्ये आलं. केडीईच्या प्लाझ्मा या लिनक्स डेस्कटॉपच्या ५.१३ आवृत्तीने २०१८ मध्ये तेच घेतलं. कुणाच्या तरी खेळातल्या दिव्याभोवतीचं वलय आज माझ्या टर्मिनलमागे आहे, या विचाराने खरंच बरं वाटलं.

गुरुवार

दोन किडे, म्हणजे बिघाड, निघाले. काही प्रोग्राम स्वतःची सावली विंडोच्या आतच रंगवतात. पिकॉमला ती सावलीही विंडोचाच भाग वाटते, म्हणून त्यांच्याभोवती धूसर चौकट उमटत होती. अशा विंडोंवर जीटीके फ्रेम एक्स्टेंट्स नावाची खूण असते, ती वगळण्याच्या यादीत टाकली. दुसरा किडा स्क्रीनशॉटचा: भाग निवडायला लागले की निवडीचा पारदर्शक चौकोनही ब्लर व्हायचा आणि नेमकं काय निवडतेय तेच दिसेना. त्यालाही यादीत टाकलं.

शुक्रवार, पहाटे

डोळे दुखतायत. ब्लर असूनही. काल दिवसभर काम केलं आणि संध्याकाळी जाणवलं की मी टिपणांच्या करड्या ओळी वाचतच नाहीये, त्यांच्यावरून नजर घसरतेय.

कारण सापडलं. ब्लर कडा घालवतो, उजेड घालवत नाही. मागे पांढरं पान असेल तर ते धूसर होऊनही जवळपास पांढरंच राहतं. माझी काळी पार्श्वभूमी ०.८ असेल तर त्या पांढऱ्यातला पाचवा हिस्सा वर येतो, आणि काळ्याच्या जागी ५१ मूल्याचा राखाडी उरतो (शून्य म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा). माझ्या टिपणांचा रंग आहे मध्यम करडा, १२८. वेबसाठीच्या सुगम्यतेच्या नियमांत साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ इतका काँट्रास्ट सांगितला आहे. तेच सूत्र लावून पाहिलं. शुद्ध काळ्यावर माझा करडा ५.३ मिळवतो. ०.८ वर ३.२. ०.९ वर ४.४, म्हणजे थोडक्यात हुकतो. ०.९२ वर ४.६ च्या पुढे जातो.

तर ०.९२. सगळीकडे ०.८ किंवा त्याहून पातळ टर्मिनलांची चित्रं दिसतात, आणि ती सुंदर असतात, कारण त्यांच्यामागे गडद वॉलपेपर असतो. माझ्यामागे पांढरं पान असतं. दुसऱ्याच्या वॉलपेपरवर जमलेला आकडा आपल्या पानावर जमेलच असं नाही. या एका गोष्टीसाठी मी दोन दिवस डोळे शिणवले, म्हणून ती ठळक लिहून ठेवतेय. सरसकट पातळ विंडोंच्या मी आता विरुद्ध आहे. वाचायच्या विंडोत आधी अक्षर.

रात्री: लॅपटॉपवर एक्स-इलेव्हनच्या जागी नवं वेलँड आहे, तिथे पिकॉमचा उपयोग नाही, विंडो दाखवणारा आणि चित्र जुळवणारा प्रोग्राम तिथे एकच असतो. तिथल्या प्लाझ्माच्या ब्लरला जोर आणि नॉइज अशा सरकपट्ट्या आहेत. दुसरी कशाला, ते आज कळलं. खूप गुळगुळीत रंगछटेत पायऱ्या पडलेल्या दिसतात, कारण प्रत्येक रंगाला २५६ च पातळ्या असतात. थोडी बारीक रेती मिसळली की त्या पायऱ्या मोडतात.

रविवार

आज शांतपणे बसले तेव्हा मूळ प्रश्न पुन्हा समोर आला. मला खालची ओळ वाचायची होती. आठवडाभर मेहनत घेऊन मी ती वाचता येणार नाही अशी व्यवस्था केली. ०.९२ आणि ब्लर, दोन्ही योग्य आहेत, पण ते लिहिण्यासाठी. खाली डोकावणं हे वेगळं काम, दोन सेकंदांचं, आणि त्या दोन सेकंदांना नेमकं उलटं हवं: ब्लर नको, आणि माझी अक्षरं फिकी.

म्हणजे सोमवारचीच चूक. तेव्हा अख्खी विंडो पातळ झाली म्हणून वैतागले होते, आणि डोकावताना तेच पाहिजे. माझा मजकूर मागे सरकतो, मूळ वर येतं, आणि माझी ओळ पुसट का होईना जागेवर राहते. ऑल्ट-टॅबमध्ये ती नाहीशी व्हायची आणि परतल्यावर शोधावी लागायची.

जमवलं ते असं. ओपनबॉक्स या विंडो मॅनेजरमध्ये एक की लावली. ती दाबली की छोटी स्क्रिप्ट समोरच्या विंडोवर एक्सप्रॉपने माझ्या नावाची एक खूण ठेवते आणि पिकॉम-ट्रान्स त्या विंडोची ओपॅसिटी ३५ टक्क्यांवर आणतं. ब्लर वगळण्याच्या यादीत मी ती खूण लिहून ठेवली आहे, त्यामुळे खूण असेपर्यंत त्या विंडोमागे ब्लर नाही. पुन्हा दाबली की खूण निघते, ओपॅसिटी मूळ पदावर. आधी ३५ च्या जागी २० ठेवलं होतं, पण तेव्हा माझी ओळ पारच हरवायची. ५० वर दोन्ही भाषा पुन्हा भांडायला लागल्या.

दादाला फोनवर सांगितलं. तो क्षणभर गप्प होता. मग म्हणाला, "मला पण पाठव ती स्क्रिप्ट."

सोमवारी अर्ध्यावर सोडलेलं वाक्य अजून तसंच होतं, पाच उपवाक्यांचं, क्रियापद शेवटी. की दाबली. माझ्या पुसट ओळीखाली मूळ ओळ जवळजवळ सरळ रेषेत आली होती, आणि तिसरं उपवाक्य मी ज्या नामाला जोडलं होतं ते तिथे नव्हतंच. ते आधीच्या नामाला जात होतं. की पुन्हा दाबली. पान दुधी झालं. उपवाक्य उचलून वर नेलं, शेवटच्या दोन ओळी नव्याने लिहिल्या, आणि साडेबारापर्यंत पुढची चार पानं झाली.