मान हलली, मत नव्हतं

आज दुपारच्या सुट्टीत निवडणुकीचा विषय निघाला. सहाही जणांनी एकाच उमेदवाराची बाजू घेतली आणि माझीही मान हलली. मत वेगळं होतं, तरी पेनाचं टोपण काढत-घालत गप्प बसलो.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांचे १९५० च्या दशकातले प्रयोग आठवले. फक्त रेषांची लांबी ओळखायची होती! पण बाकीचे ठरवून चुकीचं उत्तर देऊ लागले, की सुमारे ७५ टक्के लोक एकदा तरी त्यांच्यामागे गेले. एखादा जरी खरं बोलला, तर मात्र हे प्रमाण झपाट्याने उतरायचं.

हेच मनाला लागलंय. समोरची नवी सहकारीही सगळा वेळ खाली बघत होती. मी बोललो असतो, तर कदाचित तीही बोलली असती. उद्या तिला विचारणार आहे, तुला काय वाटतं?