फौजदार काकांचा तक्ता

गणपतीच्या बंदोबस्तावर उभ्या असलेल्या पोलिसाची पाठ मूर्तीकडे आणि तोंड गर्दीकडे असतं. आमच्या फौजदार काकांचे नोकरीतले सगळे भाद्रपद असेच गेले. शिपाई म्हणून भरती झाले, फौजदार होऊन अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. अनंत चतुर्दशीला त्यांचा पॉइंट बहुधा लक्ष्मी रस्त्यावर, नाहीतर बेलबाग चौकात. पुण्याची विसर्जन मिरवणूक सकाळी मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून निघते आणि संपेपर्यंत दुसऱ्या दिवसाचं ऊन वर आलेलं असतं. तिथं उभा राहिलेला माणूस घरी पोचतो तोवर घरचा गणपती केव्हाच गेलेला असतो. रजा तर त्या दिवसांत बंदच. मग पोलीस लाइनीत मूर्ती आणणं, आरत्या, नैवेद्य, विसर्जन, सगळं बायकामुलांनीच पार पाडायचं. काकूंनी ते वर्षानुवर्षं पार पाडलं आणि त्याबद्दल कधी शब्द काढला नाही. काका मात्र काढायचे. मुली आरतीचं ताट कधी धरायला लागल्या ते आपल्याला दिसलंच नाही, हे त्यांनी मंडळातल्या प्रत्येक नव्या बापाला कधी ना कधी सांगितलेलं आहे.

निवृत्तीनंतर ते मंडळात आले तेव्हा त्यांनी पद मागितलं नाही. कार्यकर्त्यांची यादी मागितली आणि प्रत्येक नावापुढे एकच माहिती भरायला लावली: घरी गणपती किती दिवसांचा? दीड, पाच, सात, दहा, की गौरींबरोबर जाणारा? त्यावरून ड्यूटीचा तक्ता बसला. मंडळात तोच आजही चालतो.

तक्त्याचं गणित साधं आहे. दिवसाच्या चार पाळ्या. सकाळी ६ ते १२ दोन माणसं, दुपारी १२ ते ५ दोन, संध्याकाळी ५ ते ११ दहा, रात्री ११ ते सकाळी ६ चार. शिवाय दोन राखीव. म्हणजे रोज वीस आणि दहा दिवसांच्या दोनशे ड्यूट्या. कार्यकर्ते पन्नास, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला चार. एखाद्याच्या नावावर सहा-सात दिसल्या की दुसरा कुणीतरी अंग चोरतोय, हे न विचारता कळायचं. ज्याच्या घरी ज्या दिवशी विसर्जन, त्या दिवशी त्याचं नाव तक्त्यात नाही. दीड दिवसवाला दुसऱ्या दिवशी मोकळा, पाच दिवसवाला पाचव्या. उरलेल्या दिवसांतही प्रत्येकाला निदान चार संध्याकाळी घरच्या आरतीला मिळाल्याच पाहिजेत, हा नियम अध्यक्षापासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांना सारखा.

अडचण यायची ती गौरींची. गौरी तिथीवर नाही, नक्षत्रावर येतात. अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. त्यामुळे आवाहन चतुर्थीपासून कधी तिसऱ्या दिवशी येतं, कधी चौथ्या, कधी पाचव्या. मागच्या वर्षीचा तक्ता तारखा बदलून उतरवला की नेमका गौरीपूजनाच्या संध्याकाळी मंडपात माणूस उरत नाही. म्हणून काका आधी पंचांग उघडायचे आणि मग वही. ज्यांच्याकडे गौरी नाहीत त्यांची नावं त्या तीन दिवसांत आधी भरायची, बाकीचे दिवस नंतर. काम फार तर दोन तासांचं, पण चतुर्थीच्या चार दिवस आधी व्हायलाच हवं. आयत्या वेळी केलेल्या तक्त्यात जो समोर दिसतो त्याचंच नाव पडतं, आणि समोर नेहमी तीच दहा पोरं असतात.

जोड्या लावण्यात त्यांची नोकरी दिसायची. दोन जिवलग मित्र एका पॉइंटवर कधीच नाहीत, कारण ते एकमेकांकडे तोंड करून उभे राहतात आणि गर्दी दोघांच्या पाठीमागून जाते. नव्याबरोबर जुना. रात्रपाळीत दोघे जागे, दोघे आडवे, अडीच वाजता अदलाबदल. जास्त अनुभवी जोडी अडीचनंतरची, कारण झोप खरी तेव्हाच अनावर होते आणि मंडपातले बरेचसे घोटाळे त्याच वेळी होतात. दर तासाला वहीत वेळ, सही आणि एक ओळ: समई कशी आहे, दानपेटीचं कुलूप, जनरेटर बंद आहे का, कोण येऊन गेलं. काहीच घडलं नसेल तर तसंही लिहायचं. मूर्तीजवळ क्षणभरही कुणी नाही असं व्हायचं नाही.

संध्याकाळचे दहा असे वाटले जायचे: आत येण्याच्या वाटेवर दोन, बाहेर पडण्याच्या वाटेवर दोन, दोरीवर चार, मूर्तीपाशी एक, चौकशीच्या टेबलाशी एक. मूर्तीपाशी उभं राहायला सगळेच उत्सुक असतात, बाहेर पडण्याच्या वाटेवर कुणीच नसतं. काकांच्या लेखी महत्त्वाची जागा तीच. लोक दर्शन घेऊन तिथंच थांबतात, चपला शोधतात, फोटो काढतात, आणि मागची रांग मंडपात तुंबते. बाहेरची वाट आतल्या वाटेपेक्षा रुंद ठेवायची आणि चपलांची जागा तिच्यापासून दूर, एवढ्यानं निम्मा ताण कमी होतो. गर्दी वाढली की नवखा पोरगा पुढच्या माणसाला हात आडवा लावतो. ते चूक. पुढचा थांबला तरी मागून रेटा येतच राहतो आणि मधले दाबले जातात. थांबवायचं ते शेपटाला, रस्त्यावर, जिथं अजून मोकळी जागा आहे तिथं. केव्हा थांबवायचं याची त्यांची खूण फार नेमकी होती: रांगेतल्या माणसाला नमस्कारासाठी हात छातीपर्यंत आणता येईनात की शेपूट थांबवा. दोरी सुती, जाडसर. नायलॉनची दोरी ओढली गेली की तळहात सोलून निघतो आणि माणूस ती सोडून देतो.

मंडप उभा राहत असताना ते बारा फुटांचा बांबू घेऊन गल्लीत यायचे. तो बांबू रस्त्याच्या मोकळ्या भागात सगळीकडे आडवा मावला पाहिजे, म्हणजे रुग्णवाहिका आणि अग्निशमनची गाडी जाईल. कमान, झेंड्यांच्या काठ्या, एखाद्याची लावून ठेवलेली गाडी, काहीही आड आलं तर काम तिथंच थांबायचं. विजेची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच, आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारी कळ, बसवलेली. पावसाचे दिवस असल्यानं वायरचे जोड जमिनीवर ठेवायचे नाहीत. जनरेटर मंडपाच्या मागे उघड्यावर, धूर आत येणार नाही असा. समई आणि पडदा यांच्यात तीन फूट. कापूर पितळी ताटातच. मंडपातल्या आगीची भीती रोषणाईइतकीच निरांजनाची आणि कापराची असते, हे लोकांना पटवणं अवघड जायचं. म्हणून अग्निशामक नळकांडं नुसतं टांगून ते समाधान मानत नसत. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते बघायला लावायचे आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून वदवून घ्यायचे: पिन ओढा, नळी ज्वाळेच्या बुडाशी धरा, दाबा, आडवी फिरवा. सहा किलोच्या नळकांड्यातली पावडर पंधरा-वीस सेकंदांत संपते. ज्वाळेच्या शेंड्यावर मारली तर फुकट जाते.

दहा वाजले की ध्वनिक्षेपक बंद. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ही बंदीची वेळ. शासन वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, आणि त्यातले दिवस जिल्हा प्रशासन जाहीर करतं. ते दिवस तक्त्याच्या डोक्यावर लाल शाईत. त्यावर वाद घालायला काका कुणाला जागाच ठेवत नसत.

हरवलेल्या मुलांच्या बाबतीत ते सगळ्यात हळवे आणि सगळ्यात कडक होते. सापडलेलं मूल चौकशीच्या टेबलाशी, भरपूर उजेडात, दोन माणसांच्या देखत बसवायचं, त्यातली एक बाई. ध्वनिक्षेपकावर मुलाचं नाव आणि कपड्यांचा रंग दोन्ही सांगायचं नाही. एक सांगायचं, दुसरं न्यायला आलेल्याला विचारायचं. मूल आलेल्या माणसाकडे झेपावतं की मागे सरतं, हेही बघायचं. ओळख पटली तरी वहीत नाव, फोन, सही. अर्ध्या तासात कुणी आलं नाही तर पोलिसांना कळवायचं. ११२ आणि मुलांसाठीचा १०९८ हे दोन्ही क्रमांक टेबलावर चिकटवलेले असत. गर्दीत येणाऱ्या आईबापांनी मुलाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवावी म्हणून ते संध्याकाळी टेबलावर कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन ठेवायचे. हे काम पुढं त्यांच्या नातीनं घेतलं. आजोबा दोरीवर, नात चिठ्ठ्यांवर, आणि काकू तिच्या शेजारी खुर्ची टाकून, असं ते घर आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मंडपात दिसायचं.

इतर संध्याकाळी सात वाजता काका निघायचे. पुढारी येणार असो, बक्षीस समारंभ असो, घरच्या आरतीला ते घरी. नोकरीत जे हातून गेलं ते भरून काढण्यात त्यांनी कधी सवलत घेतली नाही. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी ते दहाही दिवस मंडपाकडे फिरकले नाहीत. तक्ता मात्र धाकट्या मुलीच्या हाती वेळेवर आला, नेहमीसारखाच रेघा आखलेला. स्वतःचं नाव त्यांनी कुठंच घातलं नव्हतं, आणि नियम सगळ्यांना सारखा असल्यानं कुणी काही विचारलंही नाही.

मिरवणुकीत त्यांच्या सूचना थोड्याच असायच्या. आदल्या दिवशी गाड्यावर मूर्तीच्या उंचीचा बांबू उभा करून सगळा मार्ग चालून यायचा, कुठं तार खाली लोंबलीय ते टिपायचं. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये कुणी शिरायचं नाही. प्रत्येक चाकापाशी एक माणूस लाकडी ठोकळा घेऊन, आणि त्या माणसानं नाचायचं नाही. ढोल-ताशाच्या पथकापुढं लहान मुलांना उभं करायचं नाही. पुढच्या मंडळापासून अंतर पडू द्यायचं नाही, कारण मिरवणूक लांबते ती बहुतेक या मोकळ्या जागांमुळं. आणि चौकातल्या बंदोबस्तावरच्या पोलिसांना पाणी आणि खाण्याचं पाकीट आपण होऊन द्यायचं. पाकीट बंद, उभ्या उभ्या एका हातानं खाता येईल असं. रस्सा नको, हेही तेच सांगायचे.

या सगळ्यात मंडळींना आठवतो तो श्रमपरिहार. विसर्जनानंतर पंधरा दिवसांत, रविवारी दुपारी. आधी तो फक्त कार्यकर्त्यांचा असे. काकांनी तो घरच्यांचा केला. ज्यांनी मागे घर सांभाळलं त्यांचे श्रम आधी, असं म्हणून त्यांनी निमंत्रण कार्यकर्त्याच्या नावानं न देता घराच्या नावानं द्यायला लावलं. पहिली पंगत आया, बायका, मुलं आणि म्हाताऱ्यांची, वाढायला कार्यकर्ते. पंगतीच्या आधी दोन वाचनं. पहिलं हिशेबाचं: दानपेटी तिघांसमोर उघडलेली, नोटा किती किमतीच्या किती हे वेगळं लिहिलेलं, तिघांच्या सह्या. दुसरं काय चुकलं याचं. यात नाव कुणाचंच नसे, जागा आणि वेळ असे: सातव्या दिवशी रात्री पावणेदहाला बाहेरची वाट बंद पडली, कारण प्रसादाचं टेबल तिथं सरकवलं. पुढच्या वर्षी टेबल डावीकडे. असं सात-आठ मुद्द्यांत संपायचं आणि मग जेवण.

आता काका नाहीत. वह्या काकूंनी मंडळाकडे दिल्या आणि तक्ता धाकटी मुलगी करते. तिनं त्यात एक बदल केला आहे. पोरं सकाळी कामावर जाणारी असल्यानं रात्रपाळी दोन भागांत, ११ ते अडीच आणि अडीच ते ६. प्रत्येक भागात तीन माणसं, तिघंही जागी. रोजच्या माणसांत दोनची भर पडते, दहा दिवसांत वीस ड्यूट्या वाढतात, म्हणून पाच नवे कार्यकर्ते लागले. ते मिळाले, आणि त्यातल्या दोघांकडे गौरी नाहीत, तेव्हा पूजनाच्या संध्याकाळचीही सोय झाली.